आतला थर

योगिता आत आली तीच नाकाला ओढणी लावून. आली म्हणजे घुसलीच. दार नुसतं लोटलेलं होतं, कृष्णनाथ जनेलापाशी, खिडकीच्या उजेडात, पेपर वाचत बसला होता, आणि एरवी उंबऱ्याबाहेर उभी राहून बोलणारी ही खालच्या मजल्यावरची बाई त्याच्याकडे न बघता सरळ स्वयंपाकघरात गेली. शेगडीचं बटण फिरल्याचा आवाज आला, मग खिडक्या उघडल्याचा. "काका, दूध उतू जाऊन जाळ इझलाय आन् गॅस तसाच सुटलाय की. खाली माझ्या दारापतूर वास आलाय. तुमास्नी न्हाय आला व्हय?" कृष्णनाथने हातातला पेपर मिटला, कडेला कड जुळवून नीट घडी घातली आणि मेजावर ठेवला. "सर्दी झालीय जरा," तो म्हणाला. योगिता त्याच्या कोरड्या नाकाकडे बघत राहिली.  गॅस हवेपेक्षा जड, तेव्हा तो जिन्यावरून खाली उतरणार आणि आधी तिलाच लागणार, हे कृष्णनाथच्या मनात आपोआप जुळून आलं, आणि जुळल्याचं क्षणभर बरंही वाटलं. अशा वेळी माणसाने घाबरायचं असतं, हे त्याला मागाहून सुचलं.

ती गेल्यावर तो शेगडीपुढे उभा राहिला. दूध बर्नरवर करपून काळं झालं होतं. त्याने वाकून नाक अगदी जवळ नेलं. काही नाही. गॅसला स्वतःचा वास नसतोच. माणसाला कळावं म्हणून तो घाणेरडा वास मुद्दाम मिसळतात, हे त्याने कारखान्यातल्या शिकाऊ मुलांना कितीदा तरी सांगितलं होतं. सगळ्या जगाला कळावा म्हणून मिसळलेला वास आपल्याला वगळून खाली गेला. त्याने बर्नर उचलून मोरीत टाकला आणि तारेच्या घासणीने घासत बसला, गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ.

डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या प्लास्टिकच्या कारखान्यात एके काळी कृष्णनाथसाहेबांचं नाक हीच एक संस्था होती. खाण्याच्या पदार्थांची पाकिटं जिच्यापासून करायची ती फिल्म तयार झाली की तिचे तुकडे काचेच्या बाटल्यांत घालून भट्टीत गरम करायचे, मग एकेक झाकण उघडून हुंगायचं. प्लास्टिकला वास येता कामा नये. आला तर बिस्किटाला लागतो, चहाला लागतो, आणि मग गिऱ्हाइकाचं पत्र येतं. लॅबमधला जयवंत, मूळचा चंदगडकडचा, झाकण उघडायचा आणि साहेबांच्या तोंडाकडे बघायचा. कृष्णनाथ एकदाच श्वास घ्यायचा. प्लास्टिकचा दाणा कुठल्या कंपनीचा, मशीन कुठल्या पाळीत जास्त तापलं, हे तो नुसत्या वासावरून सांगे, आणि त्यात थोडा नाटकीपणाही करी, कारण लोकांना ते आवडायचं. नाक गेल्यावर, म्हणजे त्या मोठ्या साथीच्या तापातून उठल्यावर, त्याने हेच उलट केलं. झाकण उघडलं की तोच जयवंतच्या तोंडाकडे बघायचा. जयवंतच्या भुवया जराशा वर गेल्या की साहेब म्हणायचे, "परत चालवा." निवृत्त होईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. समारंभात शाल देताना मॅनेजरने त्या नाकाबद्दल दोन विनोदही केले, आणि सगळ्यांबरोबर कृष्णनाथही हसला. त्या दिवशी घरी येऊन शाल कुणाला दाखवायची, हा प्रश्न त्याला जिन्यावर पडला होता.

तापाच्या आदल्या दिवशी विनोदिनीने मसाला केला होता. पावसाळ्यापूर्वीचं पुरुमेंत, म्हणजे चार महिन्यांची बेगमी, ती कधी चुकवत नसे: खारवलेली मासळी, सोलं, कुळीथ, आणि शेवटी मसाला. हरमलची मिरची तिला पेडण्याच्या बाजारातूनच लागायची. डिचोलीच्या बाजारात तीच मिळते असं सांगितलं तर ती ऐकून घ्यायची आणि पिशवी घेऊन पेडण्याला जायची. तिचं माहेर आमोण्याचं, पण मिरचीच्या बाबतीत ती सासरची, पेडण्याकडची झाली होती. गिरणीतून दळून आणलेला मसाला परातीत पांढऱ्या फडक्याखाली निवत होता, चिनी मातीची भरणी उन्हात वाळत होती, सकाळी भरायचा होता. रात्रीच तिला ताप चढला आणि दुसऱ्या दिवशी त्याला. दोघांना एकाच गाडीने नेलं आणि वेगवेगळ्या वॉर्डांत ठेवलं. ती परत आली नाही. सुविधा, त्यांची एकुलती एक, पुण्याला अडकलेली; तिला आईचं काहीच बघायला मिळालं नाही, फोनवरसुद्धा नाही. कृष्णनाथ बरा होऊन एकटाच घरी आला तेव्हा परात ओट्यावर तशीच होती. त्याने फडकं उचललं आणि वाकला. लाल तांबूस मसाला दिसत होता, हाताला लागत होता, आणि वास नव्हता. मसाला खराब झाला असं त्याला आधी वाटलं. मग त्याने साबण हुंगला, कापूर हुंगला, विनोदिनीची उशी हुंगली.

डॉक्टर म्हणाले, येईल परत, काहींना वेळ लागतो. वेळ ही तर कृष्णनाथच्या धंद्यातलीच गोष्ट. माल किती दिवस ताजा ठेवायचा ते सांगा, आम्ही तसं पाकीट करून देतो, हेच तो आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आला होता. नाक परत येईपर्यंत मसाला टिकला पाहिजे, एवढाच प्रश्न होता. त्याने कारखान्यातून आपल्या सगळ्यात चांगल्या फिल्मचा एक तुकडा आणला. सात थरांची ती फिल्म वितळलेल्या प्लास्टिकचा तीन मजले उंच फुगा फुगवून करतात. सात थर एकमेकांना चिकटून असे वर चढतात की डोळ्यांना एकच दिसतो. मधला थर हवा आत येऊ देत नाही, त्याच्या बाजूचे त्याला ओलाव्यापासून जपतात, आणि सगळ्यात आतला, मऊ, उष्णतेने चटकन चिकटतो म्हणून पाकीट बंद होतं. त्या तुकड्याच्या पाकिटात मसाला भरून घरच्या छोट्या सीलरने त्याने ते बंद केलं, हवा दाबून काढून. भरणी तशीच रिकामी ठेवली. विनोदिनीला हे आवडलं नसतं. "तुमचां तां पाकीट माझ्या मसाल्याक नको," ती म्हणायची. "भरणी श्वास घेता. तुमचां पाकीट गळो दाबता." आणि हीच बाई दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर चिमटे लावून वाळत घालायची, एकही टाकायची नाही. कृष्णनाथ तिला चिडवायचा की माझा माल तू कपड्यांपेक्षा जपतेस.

पाकीट त्याने तांदळाच्या डब्यात खोल पुरून ठेवलं. अधूनमधून तो हात घालून दाबून बघे. आत हवा शिरलेली नसायची, विटेसारखं घट्ट. सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे कॉफीच्या डब्यात नाक घालणं. मग हळूहळू ते रोजचं राहिलं नाही. साथीनंतर पहिल्यांदा घरी आली तेव्हा सुविधाने विचारलं होतं, "बाबा, आईचो मसालो आसा काय उरललो?" आणि तो म्हणाला होता, "संपलो." का म्हणाला ते त्याला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. पाकीट एकदाच फुटणार होतं. एकदा फुटलं की ते उघडं पाकीट. आपलं नाक येण्याआधी ते दुसऱ्या कुणाच्या नाकासाठी फोडायचं, मग ती पोटची मुलगी का असेना, हे त्याच्याने होणार नव्हतं. ती कोरडी "बरां" म्हणाली आणि परत कधी विचारलं नाही.

तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून तो आज उभा होता. पाकीट हाताला लागलं होतं, पण बाहेर काढवत नव्हतं. योगिताने गॅस बंद केला त्या क्षणापासून एक गोष्ट त्याच्यापुढे सरळ येऊन बसली होती: नाक येणार नाही. इतकी वर्षं तो ज्याची वाट बघत होता त्याची तारीख कधीच उलटून गेली होती. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरी गोष्ट आली, जी त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होती आणि जिला त्याने पहिल्या दिवसापासून दाराबाहेर उभं केलं होतं. कोल्हापूरच्या एका मसालेवाल्याने एकदा पाकिटं परत पाठवली होती. मसाला मिळमिळीत झालाय, तुमच्या पाकिटातून वास उडतो, अशी तक्रार. कृष्णनाथने सगळ्या चाचण्या केल्या, पाकिटातून काहीही बाहेर जात नव्हतं. शेवटी त्याने मसाला ओतून टाकला आणि नुसतं पाकीट कापून हुंगलं, आणि त्याला हसू आलं. आतला मऊ थर वास पिऊन बसला होता. तेलकट वास त्याला आवडतात. बाहेर जायला वाट नाही म्हटल्यावर ते हळूहळू त्याच्यातच मुरतात. मग त्या गिऱ्हाइकासाठी आतला थर बदलून वेगळी फिल्म केली, तिचं कौतुक झालं. विनोदिनीचा मसाला भरला त्या दिवशी ती वेगळी फिल्मही कारखान्याच्या कपाटात होती. पण ती घरच्या सीलरने चिकटत नाही, तिला मोठं मशीन लागतं, आणि त्या दिवशी कारखान्यात मशीनपुढे उभं राहून चार माणसांदेखत बायकोचा मसाला भरणं त्याला जमलं नसतं. दोन-चार महिन्यांचा तर प्रश्न, असं त्याने स्वतःला सांगितलं होतं.

पेडण्याकडच्या आपल्या गावी, पार्सेला, घरी पहिल्यांदा प्लास्टिकची पिशवी त्यानेच नेली होती, मुंबईहून केमिकल इंजिनिअर होऊन आला तेव्हा. वडिलांनी ती उजेडात धरून बघितली, घडी घातली आणि जमिनीच्या कागदांबरोबर पेटीत ठेवली. मासे तेव्हा पानात यायचे, मीठ गवताच्या वेठणात गुंडाळून. आता भाऊ रामचंद्र नांगर घातला की फोन करतो. "तुझां पीक लागलां रे नांगराक," म्हणतो आणि हसतो. कृष्णनाथलाही हसावं लागतं. त्या मातीतल्या तुकड्यांवर त्याचं नाव नसतं, पण चकाकीवरून, फाटण्याच्या तऱ्हेवरून त्याला आपली फिल्म ओळखू येते. पाळी गावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या गटारात, खाणीच्या लाल धुळीने माखलेली, ती त्याला चालत्या बसमधून दिसते. शेजारी बसलेल्याला यातलं काय सांगणार? आपण केलेलं काही नासत नाही ही एके काळी अभिमानाची गोष्ट होती. आता तो दुसरीकडे बघतो. जपायला दिलेली एकच गोष्ट आपल्याला जपता आली नसेल तर एवढं सगळं कशासाठी केलं, हे त्याला कुणाला तरी विचारावंसं वाटलं, आणि घरात विचारायला कुणी नव्हतं. त्याने हात बाहेर काढला, झटकला. तांदळाचे दाणे फरशीवर उड्या मारत गेले.

योगिताने सुविधाला फोन केलाच. शनिवारी सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराची पों-पों ऐकून तो उंडे पाव घ्यायला खाली उतरला, तर सुविधा पाठीला पिशवी लावून रिक्षातून उतरत होती. रात्रभराच्या बसने तिचे डोळे सुजले होते. विनोदिनीच्या चालीने ती जिना चढली, दर चार पायऱ्यांवर कठड्याला हात लावत. आत येताच तिने पाठीवरचं ओझं उतरवलं. पिशवीतून अत्तराची बाटली काढली, रुमालावर ओतली आणि त्याच्या नाकाशी धरली.

"कसलो वास?"

कृष्णनाथने सवयीने तिच्या तोंडाकडे बघितलं. जयवंतचं तोंड वाचता यायचं. हिचं आलं नाही.

"मोगऱ्याचो," तो म्हणाला.

"वाळ्याचो," सुविधा म्हणाली. रुमाल तिने मेजावर ठेवला आणि ती कितीतरी वेळ उंड्यांच्या पिशवीची गाठ सोडत बसली. "केव्हापासून?"

"त्या तापापासून."

"आणि तुमी माका सांगूक नाय."

"सांगून तू काय करणार होतंस?"

"काय करूचां नसला तरी सांगतत, बाबा. माणसां तशीच सांगतत." ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. "आता पुण्याक चला. हंय एकट्यान रवाचां नाय."

"गॅसाची घंटी मिळता. ती लावतंय मी."

"घंटी लावा. पण घंटीक तुमी बरे आसात काय तां कळणां नाय."

 तो उठला, तांदळाचा डबा ओट्यावर घेतला, आणि बाही वर करून हात आत घातला. पाकीट काढून त्याने तिच्यापुढे ठेवलं. चांदीसारखं नव्हे, पारदर्शकच. आतला मसाला अजून लाल तांबूस दिसत होता. सुविधाने ते उचललं नाही. तिला कळलं होतं.

"संपलो म्हणाललात तुमी."

"नाक परत इला काय फोडूचां, असां होतां माझ्या मनात. पयलो वास मी घेवचो." त्याने पाकीट तिच्याकडे सरकवलं. "आता तूच फोड."

तिने कात्री आणली. कापण्याआधी पदर सावरावा तशी ओढणी सावरली. कृष्णनाथ ओट्याला टेकून उभा होता आणि तिच्या नाकपुड्यांकडे बघत होता.  तिने कोपऱ्यावर कात्री चालवली, वाकली, श्वास घेतला. परत घेतला. मग चिमूटभर तळहातावर घेऊन हुंगला. तिच्या भुवया जागच्या जागी राहिल्या. वाईट वास असता तरी त्या हलल्या असत्या.

"येता," ती म्हणाली. "जरा कमी. पण येता."

ती खोटं बोलत होती आणि ते तिला नीट जमत नव्हतं. या बाबतीत ती बापावर गेली नव्हती. तिने परात घेऊन सगळा मसाला ओतला, काळे वाटाणे आधीच भिजत होते त्यांचं सांबारं केलं, खोबरं वाटलं, मोठ्या चमच्याने, विनोदिनीच्या कुलेराने, हलवत राहिली. दोघं जेवायला बसली. पहिल्याच घासाला कृष्णनाथच्या जिभेला चटका बसला. तिखटाला नाक लागत नाही, आणि तिखट उडूनही जात नाही. ते जसंच्या तसं होतं. कपाळावर घाम आला, नाक वाहायला लागलं, डोळ्यांतून पाणी. "हरमलची," तो म्हणाला. तेवढं तरी त्याला कळलं होतं. सुविधा मान खाली घालून जेवत होती. तिच्या पानात वाटाणे तसेच होते. "आईच्या हातचो असां वाटणा नाय," शेवटी ती म्हणाली. "खयचोय बाजारातलो वाटता. सॉरी, बाबा." त्याने पाणी प्यायलं. वाटीतला सगळा रस त्याने पावाने पुसून घेतला, कारण दुसरं काय करायचं ते त्याला सुचेना.

भांडी उचलताना तिने ते कापलेलं पाकीट कचऱ्याच्या डब्याकडे नेलं. तिच्या बोटांत ते चुरचुरलं. तो आवाज कृष्णनाथने आयुष्यभर ऐकलेला. त्या आवाजाबरोबर त्याला कोल्हापूरची ती परत आलेली पाकिटं आठवली, ओतून टाकलेला मसाला आठवला, आणि आपण त्यानंतर काय केलं होतं तेही.

"थांब," तो म्हणाला. "पाकिटाचो वास घे."

"कित्याक?"

"आत तोंड घाल आणि घे."

तिने पाकीट दोन्ही हातांनी उघडलं आणि त्यात नाक घातलं.  मग तिचे खांदे हलले. फिल्म तिच्या श्वासाने गालांना चिकटायची आणि सुटायची. ती ओट्यापाशी खाली बसली, फरशीवर, पाकीट तोंडावर तसंच धरून, आणि रडली. आई गेली तेव्हा फोनवर रडली होती त्याहून वेगळं, लहानपणी रडायची तसं. कृष्णनाथ तिच्या शेजारी बसला. गुडघे आता वाकत नाहीत तरी बसला. तिने पाकीट त्याच्यापुढे केलं. "येता मां?"

त्याने तोंड आत घातलं. प्लास्टिक ओठांना लागलं. त्याचा स्वतःचाच गरम, दमट श्वास त्याच्याकडे परत आला. बाहेर जायला त्याला वाट नव्हती. ती त्यानेच बंद केली होती, थरावर थर चढवून.

"येणा नाय," तो म्हणाला. "तू सांग. कसो येता?"

सुविधाने नाक पुसलं.  "धने," ती म्हणाली. "मागसून बडीशेप. आणि... आई गिरणीतसून इली काय आदी माका पोटाशी धरी बघा. तेव्हा लुगड्याक येय, तसो. मिरची आणि घाम. तसोच, बाबा. काय एक कमी नाय." कृष्णनाथ मान हलवत राहिला. कोल्हापूरवाल्याला त्याने हाच थर दोष म्हणून दाखवला होता.

"मी व्हरू हेका?" तिने विचारलं. "पुण्याक?"

तो उठला आणि कपाटातून सीलर काढून प्लगात लावला. कारखान्यात बंद पण रिकामं पाकीट म्हणजे सगळ्यात नामुष्कीची गोष्ट. असं एक पाकीट बाजारात गेलं म्हणून तो स्वतः एका दुकानदाराची माफी मागायला बेळगावला गेला होता. लाल दिवा लागला. एरवी सील करण्याआधी तो हवा दाबून काढायचा. या वेळी काढली नाही. कापलेली कड त्याने सरळ धरली आणि पट्टी खाली दाबली. मग फुगलेलं पाकीट दोन्ही तळहातांमध्ये धरून, कानाशी नेऊन, दाबून बघितलं. कुठूनही गळत नव्हतं. त्याने ते तिच्या हातात दिलं.